वकील द्या, मग कागद मागा

शरणपूर रोडचं नाव आपण नाशिककर दिवसातून चार वेळा घेतो. रिक्षावाल्याला सांगताना, पार्सलचा पत्ता टाकताना, कॅफेत भेटायचं ठरवताना. शरणपूर म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारत नाही. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. पुढे अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मुंबईमार्गे इथे आणली गेली. ती इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या दफनविधीला हजर होता. त्याच शरणपूर रोडवर आज तिबेटियन मार्केट आहे. तिथून आपण थंडीत जॅकेट घेतो, घासाघीस करतो आणि घरी येतो. तिबेटी लोक नाशकात स्वेटर विकायला का आले असतील, हा प्रश्न जॅकेटच्या किमतीत येत नाही.

मी देवळाली कॅम्पातली. माझे आजोबा १९४७च्या अखेरीस कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि तिथून त्यांना देवळालीच्या निर्वासित छावणीत पाठवलं गेलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकी, मधे गोणपाटाचे पडदे आणि एका खोलीत तीन कुटुंबं. आज आमचं कापडाचं दुकान आहे, घरात सिंधी आणि दुकानात मराठी बोलली जाते, आणि आम्हाला कुणी 'बाहेरचे' म्हणत नाही. म्हणजे, आता म्हणत नाही.

हे सगळं सांगायचं कारण एका मागणीत मावतं. भारताचं नागरिकत्व मागणाऱ्या प्रत्येक माणसाला, त्याचा धर्म, देश आणि खिसा न बघता, सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. तो नाशकात मिळाला पाहिजे, जिल्हा न्यायालयाच्या आवारात मिळाला पाहिजे आणि अर्ज फेटाळला जाण्याआधी मिळाला पाहिजे. प्रत्येकाला नागरिकत्व द्या, असं मी म्हणत नाही. प्रत्येकाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडलं जावं, एवढंच म्हणते.

आजोबांना वकील का लागला नाही

आजोबांकडे ना पासपोर्ट होता, ना व्हिसा, ना जन्माचा दाखला. तरी ते नागरिक झाले. कारण संविधानाच्या सहाव्या कलमाने सांगितलं की जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजी-आजोबा अखंड भारतात जन्मले, जो १९ जुलै १९४८च्या आधी पाकिस्तानातून आला आणि तेव्हापासून इथे राहतो, तो भारताचा नागरिक. अर्ज नाही, फी नाही, फेऱ्या नाहीत. त्या तारखेनंतर आलेल्यांना सहा महिने राहून सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली.

संविधान २६ जानेवारी १९५०ला लागू झालं हे आपण शाळेत शिकतो. पण नागरिकत्वाची कलमं त्याआधीच, २६ नोव्हेंबर १९४९ला, म्हणजे संविधान स्वीकारलं त्याच दिवशी लागू झाली. बाकी देश दोन महिने थांबू शकत होता, निर्वासित थांबू शकत नव्हता. एखाद-दुसरं कलम सोडलं तर दुसऱ्या कुठल्याच कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही, असं बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत म्हणाले होते. डोकेदुखी समितीने सोसली, म्हणून ती माझ्या आजोबांच्या वाट्याला आली नाही. कायदाच त्यांचा वकील झाला होता.

महाराष्ट्राला हे नवं नव्हतं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते गेले आणि त्याच छावणीत सिंधी आले. आज त्याच जागेला गांधीनगर म्हणतात, आणि अख्खा पश्चिम महाराष्ट्र तिथे होलसेल कापड घ्यायला जातो. निर्वासितांना जागा दिली की शहर बुडतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा गांधीनगरला किंवा उल्हासनगरला जाऊन तिथली उलाढाल बघावी.

चाचीची फाईल

आता आजची गोष्ट. माझी एक चाची २००८ साली सक्करहून लग्न होऊन देवळालीत आली. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीला सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं, असं १९५५चा नागरिकत्व कायदा सांगतो. वाचायला सोपं आहे. घरात इंग्रजी फॉर्म भरू शकणारी मी, म्हणून फाईल माझ्याकडे आली.

तिच्या पाकिस्तानी पासपोर्टवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने होतं, लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या कागदावर तिसऱ्या. मूळ नाव सिंधीत एकच. ते इंग्रजीत कुणी कसं उतरवलं, यावर चाचीचं भारतीयत्व अडून बसलं. एका सरकारी कार्यालयातून उत्तर मिळालं, 'कोर्टाचा पेपर आणा.' कुठल्या कोर्टाचा, कसला पेपर, ते कुणी सांगेना. मग एजंट भेटला. त्याने चाळीस हजार मागितले आणि 'आतली ओळख' सांगितली. चाचाने अर्धे दिले. एजंटचा फोन नंतर लागला नाही.

२३ डिसेंबर २०१६च्या केंद्राच्या आदेशाने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना मिळाले. महाराष्ट्रातले जिल्हे चार: मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. नाशिक त्या यादीत नव्हतं. उल्हासनगरच्या बाईची फाईल ठाण्यात निकाली निघू शकत होती. देवळालीच्या बाईची फाईल नाशिक, मुंबई, दिल्ली अशी यात्रा करत राहिली.

शेवटी माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या एका वकिलाने वीस मिनिटांत फाईल वाचली, एक प्रतिज्ञापत्र तयार केलं, सोबत कलमं नमूद केलेलं एक पत्र जोडलं आणि फाईल हलली. चाची २०२३ साली नागरिक झाली. २० नोव्हेंबर २०२४ला तिने विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं आणि बोटावरच्या शाईचा फोटो पुढचे तीन दिवस फॅमिली ग्रुपवर फिरत होता.

छान शेवट झाला, असं तुम्ही म्हणाल. मला तो छान वाटत नाही. आठ वर्षांचं काम वीस मिनिटांत झालं ते माझ्या मैत्रिणीच्या ओळखीमुळे. जिला अशी मैत्रीण नाही, तिच्या फाईलचं काय?

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मला नंतर कळली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या बाराव्या कलमानुसार स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. त्या कलमातला शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. याच कायद्यात 'विधी सेवे'ची व्याख्या न्यायालयापुरती थांबत नाही. इतर प्राधिकरणांसमोरचं कामकाज आणि कुठल्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला, दोन्ही तिच्यात येतात. म्हणजे चाचीला पहिल्या दिवसापासून फुकट वकिलाचा हक्क होता. आठ वर्षांत एकाही टेबलावरच्या एकाही माणसाने तिला ते सांगितलं नाही.

कायदा बाजूने असूनही

कुणी म्हणेल, पात्र असेल त्याला आज ना उद्या मिळतंच. मिळत नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईवडील कुणीही असोत, जन्मानेच भारतीय आहे. या काळात इथे जन्मलेले हजारो तिबेटी या नियमात सरळ बसतात. तरी त्यांना परदेशी धरून पासपोर्ट नाकारले जात होते. २०१० साली एक तरुणी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने तिला जन्माने नागरिक मानलं. त्यानंतरही इतरांना पुन्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्गेलिंगच्या तिबेटी वसाहतीत जन्मलेल्या मुलाला हे कोण समजावणार? अनेक तिबेटी विचारपूर्वक नागरिकत्व घेत नाहीत, तो त्यांचा निर्णय आहे. पण निर्णय घ्यायलाही आधी आपला हक्क माहीत असावा लागतो.

चकमांचं उदाहरण घ्या. अरुणाचल प्रदेशात वर्षानुवर्षं राहणाऱ्या चकमा निर्वासितांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकारी पुढे पाठवतच नव्हते. अर्ज फेटाळला तर निदान दाद मागता येते. खणात पडलेल्या अर्जाविरुद्ध दाद कशी मागणार? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अर्ज केंद्राकडे पाठवलेच पाहिजेत, आणि नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करायला राज्य बांधील आहे.

आणि स्पेलिंगचं म्हणाल, तर ११ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका माणसाला भारतीय नागरिक ठरवलं. कागदपत्रांतल्या नावांच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकांवरून कुणाला परदेशी ठरवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल ऐकायला तो माणूस जिवंत नव्हता.

यात मुलंही भरडली जातात. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे की आईवडिलांपैकी एक नागरिक असेल, तर दुसरं 'बेकायदा स्थलांतरित' नसलं पाहिजे. व्हिसाची मुदत संपून राहणारी बाईही या व्याख्येत येते. म्हणजे आईचा व्हिसा वाढवायचा राहिला आणि त्याच काळात बाळ जन्मलं, तर बाप नाशिकचा, जन्म नाशिकचा, पण बाळ भारतीय नाही. अशा वेळी एका वकिलाने वेळेवर केलेला एक फोन त्या बाळाचं अख्खं आयुष्य बदलू शकतो.

आक्षेप, एकेक करून

पहिला आक्षेप आमच्या देवळालीच्याच ग्रुपवर येतो: 'घुसखोरांना सरकारच्या पैशाने वकील कशाला?' २६/११च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या दहशतवाद्याला याच महाराष्ट्रात वकील दिला गेला. २०१२ साली त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात बजावलं की अटक झालेल्याला पहिल्यांदा समोर आणलं जातं तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं आणि गरज असेल तर सरकारी खर्चाने वकील देणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. वकील दिला म्हणून तो सुटला नाही. खटला पक्का झाला. मग देशावर बंदूक न रोखता फॉर्म भरणाऱ्या बाईला वकील दिला तर कुठला देश धोक्यात येतो?

घुसखोर कोण, हे ठरवायलाही वकील लागतो. परदेशी असल्याचा आरोप झाला की आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच असते. १९४६च्या कायद्यात तसं होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. जून २०२५मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकललं गेलं. नंतर त्यांचे कागद पुढे आले आणि त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीय होते. त्यांच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी असतं, तर हे घडलं नसतं.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. जानेवारी २०२५मध्ये मालेगावातल्या उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि राज्यभर तहसीलदारांकडून असे दाखले देणं थांबवण्यात आलं. कुणी खोटा दाखला घेतला असेल तर त्याच्यावर जरूर गुन्हा नोंदवा. पण घरी जन्मलेल्या, कधीच नोंद न झालेल्या हजारो खऱ्या माणसांचं काय? खोटे कागद जन्माला येतात ते एजंटच्या टपरीवर. खऱ्या माणसाला खरा वकील सहज मिळू लागला, तर त्या टपरीचं शटर पोलिसांआधी आपोआप खाली येईल.

दुसरा आक्षेप: 'आधी आपल्या माणसांना द्या.' मान्य, पण 'आपली माणसं' कोण ते मोजू. पारधी, डोंबारी, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त समाजांतल्या कितीतरी कुटुंबांकडे जन्माचा पुरावा नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आजही वय अंदाजाने सांगणारे म्हातारे आहेत. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९च्या एनआरसी यादीतून एकोणीस लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले, आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. कागद सिद्ध करण्याची कला शिकलेला वकील जिल्ह्यात तयार झाला, तर तो चाचीइतकाच पारध्याच्याही कामाचा आहे.

तिसरा आक्षेप मोठ्या आवाजात येतो: 'सीएए आहे ना, मग आणखी काय हवं?' हे मी सिंधी म्हणून बोलते, कारण त्या कायद्याचा फायदा माझ्याच समाजाला होतो. डिसेंबर २०१९चा कायदा, मार्च २०२४चे नियम आणि १५ मे २०२४ला दिल्लीत दिलेली पहिली चौदा प्रमाणपत्रं. तीन देश, सहा धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख. पण त्यातही अर्ज ऑनलाइन, कागदांच्या लांबलचक याद्या आणि धर्माबद्दल स्थानिक समाजसंस्थेचं प्रमाणपत्र. सक्करहून आलेला, फक्त सिंधी वाचणारा म्हातारा हे एकटा करणार आहे का? आणि जे त्या यादीत नाहीत, ते अफगाण मुसलमान, अहमदिया, श्रीलंकेतले तमिळ, रोहिंग्या, त्यांच्यासाठी दार आणखी जड आहे, म्हणून त्यांना वकिलाची गरज आणखी जास्त आहे. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. अशा वेळी वकील हाच काय तो आधार उरतो. आमच्या समाजात 'आपलं काम झालं, आता दार लावून घ्या' म्हणणारे आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न आहे: १९४७ला देवळालीत असं म्हणणारा कुणी भेटला असता, तर आज तुमचं दुकान कुठे असतं?

तुमच्या-माझ्या घरातला दादा न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. त्याच्या कंपनीने वकील दिलाय, आणि तो दर दिवाळीला त्या वकिलाच्या गोष्टी सांगतो. ज्याला कंपनी नाही त्याच्यासाठी अमेरिकेत सेवाभावी संस्था आहेत, आणि तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेले, वकील नसलेले प्रशिक्षित कार्यकर्तेही नागरिकत्वाचा अर्ज भरून देऊ शकतात. तिथली सरकारं स्थलांतरितांशी कशीही वागोत, ही एक सोय घेण्यासारखी आहे. दादाला तिथे वकील हवा, तर सक्करच्या बाईला इथे का नको?

नेमकं काय हवं

नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आठवड्यातून एक दिवस नागरिकत्वाचा कक्ष हवा. तिथे नागरिकत्व कायदा येणारा एक वकील आणि प्रशिक्षण घेतलेले दोन विधी स्वयंसेवक हवेत. उर्दू, सिंधी, बांगला वाचणारा माणूस फोनवर तरी हवा. कलेक्टर कार्यालयात आणि परदेशी नागरिकांची नोंद होते तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक पाटी हवी: तुम्हाला मोफत वकिलाचा हक्क आहे. अर्ज अडला तर का अडला ते लेखी हवं. कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार नागरिकत्व नाकारताना कारण द्यायची सक्ती नाही. ती तरतूद बदलायला संसद लागेल. पण 'तुमच्या फाईलमध्ये अमुक कागद कमी आहे' हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायला संसद लागत नाही. आणि नाशिकच्या कलेक्टरांना ठाण्याइतकेच अधिकार हवेत.

यात नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. नाशकात विधी महाविद्यालयं आहेत आणि तिथे विधी सहाय्य केंद्रं चालवणं अपेक्षितच आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी लॉ करत असेल, तर त्याने या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी मूट कोर्टातली काल्पनिक केस घेण्याऐवजी देवळालीत, मालेगावात किंवा तिबेटियन मार्केटमध्ये एखादी खरी फाईल मागावी. नैसर्गिकीकरणाने नागरिकत्व मागणाऱ्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. मराठी त्या यादीत आहे. म्हणजे कायद्याने ज्याला मराठी शिकायला लावलं, त्याला मराठीत सल्ला देणारा वकील नाशकात नसावा, हे आपल्यालाच लाजिरवाणं आहे.

बाकीच्यांसाठी काम सोपं आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे. तो सेव्ह करा. तुमच्या गल्लीत, दुकानात, कारखान्यात कागदांसाठी खेटे घालणारं कुणी असेल, तर एजंटला फोन लावायच्या आधी त्यांना हा लावून द्या. आणि समोरून 'तुम्ही नागरिक आहात का?' असं विचारलं गेलं, तर बाराव्या कलमातला शब्द शांतपणे सांगा: व्यक्ती.